आरोग्यसेवेला माणसे का येतात?



आपल्या आरोग्य समितीसाठी गेले दोन रविवार आम्ही मिस्साबलिदानानंतर नावे मागितली. चार आली. आपापल्या आळीत फिरून रक्तदाब, मधुमेह व क्षयाच्या रुग्णांची विचारपूस करायची, एवढेच काम आहे. माणसे का येत नाहीत म्हणून कुरकुर करण्यापूर्वी, येतात तेव्हा ती का येतात हे पाहिलेले बरे.

जामखेडचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने तेथे १९७० साली काम सुरू केले. प्रथम त्यांनी परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या; ते जमले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. पगार नव्हता. जामखेडला येऊन त्या बाळंतपण, मुलांचे जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग यांविषयी शिकत आणि शिकलेले गावात जाऊन करीत. औषधांच्या माहितीइतकाच भर त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढवण्यावर असे. जिची सावली टाळली जाई, तिलाच पुढे वरच्या जातीच्या घरातून बाळंतपणाला बोलावणे येऊ लागले. पगाराविना त्या का टिकल्या याचे उत्तर आम्हाला येथेच दिसते. गावाने त्यांना निवडले होते, आणि आपल्या हातून मूल वाचते हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल वाचला (खरे तर परीक्षेपुरताच). न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. आपण उलटे धरून बसतो. आधी मनात सेवाभाव दाटून यावा, मग पाय उचलू!

सेवा म्हटली की पैशाचे नाव नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २००५ पासून खेडोपाडी काम करणाऱ्या 'आशा' सरकारदरबारी स्वयंसेविकाच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. चांगल्या शोमरोनीने धर्मशाळेच्या रखवालदाराला नाणी मोजून दिली होती, वर जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला (लूक १०:३५). तेव्हा आपल्या स्वयंसेवकांचा रिक्षा व फोनचा खर्च धर्मग्रामाच्या निधीतून दिला जाईल.

चूक आमचीही झाली. वेदीवरून सर्वांना विचारले, म्हणजे कोणालाच विचारले नाही. ती चार नावेही, नंतर कळले, शेजारणीने ओढून आणलेली! म्हणून या आठवड्यात प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्यातील दोन माणसे निवडून कळवावीत. त्यांच्या घरी आम्ही स्वतः विचारायला येऊ, संध्याकाळी सातनंतर. चहा नको.