पट्टा पडला की येतो

आजचं वाचन : योहान 14:1-6, इब्री 11:8-16



काल रात्री साडेअकराला ऑफिसचं काम उरकून फोन बघितला, तर आईचा मिस्ड कॉल. परत लावला. तिचा एकच प्रश्न, "घरी कधी येतोस?" मी घरातच बसलो होतो! पुण्यातला फ्लॅट, वीस वर्षांचा हप्ता. तरी आईचं 'घर' कोणतं ते मला बरोबर कळलं.

माझं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. आमच्याकडे दसरा झाला की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं भरायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसं हत्याराने मोजतात, यावर कधीतरी वेगळं लिहीन. राहायला कोपी, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशी. माझे आई-अण्णा बारा हंगाम गेले. मी शाळेसाठी आजीजवळ. निघताना आई म्हणायची, "पट्टा पडला की येतो." म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की. तारीख कुणालाच माहीत नसायची.

आमचं घर पत्र्याचं, पावसात गळणारं. आई-अण्णा आले त्या दिवशीही ते तसंच असायचं. पण त्या रात्री मला झोप लागायची.

योहान 14 आपण बहुतेक मातीच्या वेळी ऐकतो आणि पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांपाशीच थांबतो. मग प्रश्न सुरू : सोन्याचे रस्ते खरे का, तिथे काय काय असेल? तिसरं वचन नीट वाचा. जागा तयार करून प्रभू परत येणार, ते कशासाठी? तर जिथे तो आहे तिथे आपणही असावं म्हणून. थोमाने वाट विचारली, तेव्हाही प्रभूने नकाशा दिला नाही, स्वतःलाच पुढे केलं. स्वर्ग घर आहे ते तो तिथे आहे म्हणून.

मी नववीत असताना जानेवारीत आजी गेली. उचल फिटली नव्हती, मुकादम सोडेना. अण्णा तिसऱ्या दिवशी पोहोचले, तोवर माती झाली होती. पाळकसाहेब म्हणाले, "आजी घरी गेली." मला राग आला. घर तर इथे होतं, आणि त्यात आता मी एकटा. खरं सांगतो, तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण इब्री 11 मधली माणसं वचन पूर्ण झालेलं न पाहताच मेली, आणि तरी देवाला त्यांचा देव म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही, हे वाचताना मला आजी आठवते. दर हंगामाला मागे राहून दार उघडं ठेवणारी ती, या वेळी पहिल्यांदा पुढे गेली.

मात्र "स्वर्ग आहे ना, मग इथलं सोसा" असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या बायकांना हे वाक्य ऐकवायचं का? योहान 1:14 मध्ये 'वस्ती केली' असं आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द तंबू ठोकण्याचा आहे. देव आधी आपल्या कोपीत राहायला आला. गोदावरीपलीकडे, जालन्याजवळ, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना तिथे हक्काची जागा मिळाली. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. याकोबाने हे नाव दिलं तेव्हा तो घर सोडून पळालेला होता, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेला (उत्पत्ती 28).

आईला म्हटलं, "नाताळला येतो."
"तारीख सांग," ती म्हणाली.

प्रार्थना : प्रभू येशू, आज रात्री फडाजवळ कोपीत झोपलेल्यांजवळ राहा, आणि गावात त्यांची वाट बघणाऱ्या लेकरांजवळही. तू लवकर ये. आमेन.