१२०चा ठोका

शिष्या : मास्तरजी, मूल, नागभीड, वडसा ह्या पट्ट्यातलं दंडार ह्या लोकनाट्याचं किंवा झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं लॅपटॉपवर घ्यायचं, तर नवा ट्रॅक उघडला, लाल बटण दाबलं की झालं. चुकलं-माकलं मिक्सिंगला बघता येतं. मग सेटिंग आधीच लावायचा एवढा आग्रह कशाला?

मास्तर : कारण नवा ट्रॅक कोरा दिसतो, पण कोरा नसतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर घे की क्युबेस, प्रोजेक्ट उघडला की टेम्पो मिनिटाला १२० ठोके आणि ताल चार-चार हे आधीच भरलेलं असतं. ठोक्याला बांधलेल्या संगीताला ते सोयीचं आहे, त्यात कुणाचा कावा नाही. पण झाडीपट्टीतला नट रात्रभराच्या नाटकात उभ्याने गातो, टाळ्या पडल्या की ओळ लांबवतो, आणि पेटी-तबला त्याच्या मागे जातो. तिथे लय माणसाच्या श्वासाची असते. आता ट्रॅकचा ‘टाइमबेस’ बघ. आवाज घड्याळाला चिकटून राहील की मात्रेला, हे तो ठरवतो. रीपरमध्ये मुळात मात्रा धरलेली असते. तू १२०वर गाणं घेतलंस, नंतर लक्षात आलं की लय साधारण ९६ची आहे, म्हणून आकडा बदललास. तर १० सेकंदांचा तुकडा ताणून साडेबारा सेकंदांचा होतो. सूर जागेवर राहतो, पण तबल्याच्या ‘ना’ची धार जाते, थाप ओल्या कापडावर पडल्यासारखी येते. म्हणून जिवंत गाण्याचा ट्रॅक पहिल्यांदा ‘टाइम’वर टाकायचा. दोन क्षणांचं काम आहे.

शिष्या : पण आता नाटकात ऑक्टोपॅडही आला आहे. मेट्रोनोम नसेल तर पुढे कापाकापी आणि जोडाजोडी कशी करायची?

मास्तर : आक्षेप खरा आहे, अर्धा. तयार लूप हाच गाण्याचा पाया असेल, तर ठोका आधी आणि गाणं नंतर. तिथे १२० नाही तर जो काय असेल तो आकडा भरायचा आणि क्लिक कानात द्यायचा. पण ऑक्टोपॅड काठीने वाजवणारा माणूसच असेल, तर तोही नटाकडेच बघत असतो. तेव्हा मोकळं घ्यायचं आणि मग जिथे जिथे सम पडते तिथे खूण करत टेम्पोचा नकाशा गाण्यावरून काढायचा. वेळ जातो, नाही म्हणत नाही. पण पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा गाण्यामागे येतात, गाणं रेघांमागे फरफटत नाही.

शिष्या : आणि मिक्सिंगला काहीच सुधारत नाही का? फेडर तर आहे ना.

मास्तर : इथेच बहुतेकांची फसगत होते. ट्रॅकवरचा फेडर रेकॉर्ड झाल्यानंतरच्या आवाजावर चालतो. आत येणारा आवाज इंटरफेसच्या गेनवर ठरतो. तिथेच फाटला, तर फेडर कितीही खाली ओढ, फाटलेला आवाज हळू ऐकू येईल, एवढंच. म्हणून २४ बिटवर घे. एका बिटला हळू-मोठ्या आवाजातलं साधारण ६ डेसिबल अंतर धर : १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४ होतात. एवढी जागा असताना काटा शून्याला भिडवायचं कारणच उरत नाही. नट ओरडला तरी सर्वांत मोठा आवाज उणे १०च्या आसपास थांबला पाहिजे. कॅसेटच्या काळात टेपच्या खरखरीवर मात करायला काटा वर ठेवायचे. ती सवय आता सोडायला हवी.

शिष्या : मग मोनो की स्टिरिओ? सुरक्षित म्हणून सगळंच स्टिरिओ घेतलं तर?

मास्तर : एक माइक म्हणजे एक कान, त्याचा ट्रॅक मोनोच. स्टिरिओ केला तर एकच आवाज दोनदा लिहिला जातो. ४८ हजार सॅम्पल आणि २४ बिटला मोनोचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी घेतं. आठ ट्रॅक, तीन तासांचं रेकॉर्डिंग म्हणजे बारा जीबीच्या वर, आणि स्टिरिओत त्याच्या दुप्पट; फायदा काडीचा नाही. समोरून सगळा मंडप एकदम घ्यायला दोन माइकांची जोडी लावलीस, तर मात्र तो ट्रॅक स्टिरिओ ठेव. तो प्रेक्षकाचा कान असतो, आणि पुष्कळदा सगळ्यांत खरा तोच निघतो.

शिष्या : ढोलकीला दोन माइक लावले तर?

मास्तर : दोन मोनो ट्रॅक, आणि इथे खरी गंमत आहे. थाप पडली की एका बाजूची पुडी तिच्या माइकपासून लांब जाते, आणि आतली हवा दुसऱ्या पुडीला तिच्या माइककडे ढकलते. एका ट्रॅकवरची लाट खाली, दुसऱ्यावरची वर. दोन्ही एकत्र ऐकलं की त्या लाटा धुमीचा, म्हणजे खालच्या सुराच्या पुडीचा, घुमारा खाऊन टाकतात आणि ढोलकी डबा वाजवल्यासारखी लागते. मग लोक इक्वलायझर घेऊन तासभर खालचा आवाज वाढवत बसतात. ट्रॅकवर तिरकी रेघ मारलेल्या शून्याचं बटण असतं, ते लाट उलटी करतं. वादकाला धुमीवर चार थापा मारायला सांग, ते बटण एकदा दाबून आणि एकदा सोडून ऐक. पोट ज्या बाजूला भरतं, तिथे ठेव.