‘स्टिंगारी’ : एका बोलीशब्दाची कहाणी

इंग्रजीच्या तासाला ‘स्टिंग-रे’ या शब्दाचा अर्थ आम्ही विचारला, तेव्हा कोकणातून आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘पाकट’ असे उत्तर दिले आणि वर्ग हसला. उत्तर अगदी बरोबर होते. हसणे होते ते शब्दाच्या गावंढळपणाला. बोलीतील शब्द म्हणजे प्रमाण शब्दाचे बिघडलेले रूप, ही समजूत विद्यार्थिदशेत आम्हीही बाळगून होतो.

त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आम्ही ‘स्टिंगारी’ हा शब्द फळ्यावर लिहिला. ‘स्टिंग’ म्हणजे दंश आणि ‘रे’ म्हणजे पाकटासारखा चपटा मासा. मेक्सिकोच्या आखाताकाठचे अमेरिकन कोळी आणि ऑस्ट्रेलियातील लोक यांच्या तोंडी ‘स्टिंग-रे’चे ‘स्टिंगारी’ झाले. अमेरिकेतील शब्दकोशांत त्यावर ‘बोली’ असा शिक्का आढळतो. सॅन डिएगो शहरात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुगार व दारूगुत्त्यांच्या बदनाम वस्तीलाच हे नाव पडले. खाडीतल्या माशाइतकाच त्या गल्ल्यांचाही दंश झोंबतो, असा त्यामागचा अर्थ सांगतात.

ऑस्ट्रेलियात मात्र याच शब्दाला नेमका शास्त्रीय उपयोग लाभला. तेथील मत्स्यतज्ज्ञ ‘युरोलोफिडी’ कुळातील माशांना स्टिंगारी म्हणतात. त्यांची शेपटी आखूड असते व तिच्या टोकाला पानासारखा पर असतो; नेहमीच्या स्टिंग-रेची शेपटी चाबकासारखी लांब असते, तिला असा पर नसतो. प्रमाण शब्दाला न दाखवता येणारा भेद बोलीतल्या शब्दाने दाखवला.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1770 साली कॅप्टन कुकच्या खलाशांनी ऑस्ट्रेलियातील एका उपसागरात इतके मोठाले स्टिंग-रे पकडले की, त्याने त्या जागेला या माशाचेच नाव दिले. पुढे सोबतच्या निसर्गतज्ज्ञांनी जमविलेल्या वनस्पतींमुळे ते खोडून ‘बॉटनी बे’ केले. या खाडाखोडीत तेथील ग्वीगल लोकांना कोणी विचारले नाही. त्यांच्यातील ज्या दोघांनी किनाऱ्यावर वाट अडवली, त्यांच्यावर बंदूक चालली. त्या उपसागराचे ‘कमाय’ हे मूळ नाव आज तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या नावात ‘बॉटनी बे’च्या आधी लिहिले जाते.

तास संपायला थोडा वेळ होता. आम्ही त्या विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावले. त्याने पाकटाचे चित्र काढले, शेपटीवर काटा नेमका कोठे असतो ते दाखवले आणि उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूतून घासत का चालावे, हे सांगितले. या वेळी कोणी हसले नाही, मागच्या बाकावरून प्रश्न आला, “काटा लागला तर काय करतात?”