गरोदरपणात रात्री नाक चोंदणे : कारणे व उपाय

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबई–बडोदे लोहमार्गावर भेस्तान वसले आहे. उधना, पांडेसरा या लगतच्या भागांतील कापड गिरण्या व यंत्रमाग यांच्या आधाराने खानदेशातील अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोप, त्यात कपड्यांबरोबर घरी येणारी सुताची तूस, अशा घरातील गर्भवती स्त्रीस रात्री नाक चोंदण्याचा त्रास अधिकच जाणवतो. घरची माणसे ‘सर्दी झाली’ म्हणून दुर्लक्ष करतात, किंवा दुकानातून नाकात घालावयाच्या थेंबांची बाटली आणून देतात. या दोन्ही गोष्टी योग्य नव्हेत.

कारण काय ?

सुमारे पाच गर्भवती स्त्रियांपैकी एकीस हा त्रास होतो. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचा परिणामही होतो. त्यामुळे नाकाच्या आतील नाजूक त्वचेस सूज येते. आडवे झाल्यावर डोक्याकडील शिरांत रक्त साचते व सूज वाढते. म्हणून त्रास रात्री अधिक होतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत बरी होते. हा त्रास मात्र सहा आठवडे वा अधिक काळ टिकतो आणि प्रसूतीनंतर साधारणतः दोन आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो.

घरी करावयाचे उपाय

१. पाठीखाली व डोक्याखाली घडी घातलेली गोधडी घेऊन डोके उंच ठेवावे. खाट असल्यास डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे.

२. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात एक सपाट लहान चमचा (सुमारे साडेचार ग्रॅम) मीठ विरघळवावे. झोपण्यापूर्वी या पाण्याने नाक धुवावे. न उकळलेले पाणी नाकात घालू नये. उरलेले पाणी टाकून द्यावे.

३. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल व विडी-सिगारेट यांपासून दूर राहावे. यंत्रमागावरून आलेल्या माणसाने कपडे बाहेर झटकूनच घरात यावे.

४. रोज थोडे चालावे.

हे करू नये

नाक मोकळे करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते व स्त्री बाटलीच्या अधीन होते. सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घेऊ नयेत. ओवा-शेपांची धुरी घेऊ नये व नाकात गरम तेल सोडू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेताना भाजण्याचा धोका असतो.

धोक्याची लक्षणे

गरोदरपणात नव्याने सुरू झालेले जोराचे घोरणे केवळ चेष्टेचा विषय समजू नये. घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर रक्तदाब तपासून घ्यावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, किंवा १४०/९० वा त्याहून अधिक रक्तदाब यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दम लागत असल्यास थांबू नये. ताप व गालफडांत दुखणे असल्यासही डॉक्टरांना दाखवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चालतो.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते. त्या वेळी झोपेची व घोरण्याची तक्रार आवर्जून सांगावी. बाळंतपणासाठी खानदेशात माहेरी जाणाऱ्या लेकीने तपासणीचे कार्ड व औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे तिकडील डॉक्टरांना पूर्वीचा रक्तदाब कळेल. मातेची शांत झोप ही चैन नव्हे, ती गर्भाच्या पोषणाइतकीच आवश्यक आहे, हे घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.