भाजीची गाडी आणि तिचे स्ट्रट

मुरबाड व शहापूर तालुक्यांत भाताची कापणी झाल्यावर भेंडी, काकडी, कारली यांची लागवड केली जाते. तोडलेला माल टेम्पोने कल्याण किंवा वाशीच्या बाजारात जातो. वाटेत क्रेटमधील भेंडी एकमेकींवर घासली, की तिच्या शिरा काळ्या पडतात व भाव उतरतो. याचा दोष रस्त्याला दिला जातो, आणि तो वावगाही नाही. परंतु गाडीच्या झिजलेल्या शॉकअपकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

खड्ड्याचा दणका प्रथम स्प्रिंग झेलते. ती दबते, पण घेतलेला जोर लगेच परत फेकते. म्हणून केवळ स्प्रिंग असेल तर खड्डा ओलांडल्यावरही गाडी डुलत राहील. हे डुलणे शॉकअप थांबवितो. त्याच्या नळीतील तेलात बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो. पिचकारीचा दांडा हळू दाबला तर सहज जातो, जोराने दाबला तर अडतो. येथेही तसेच घडते. दणक्याचा जोर तेल छिद्रांतून रेटण्यात खर्च होऊन त्याची उष्णता बनते.

स्प्रिंग व शॉकअप यांची एकच उभी जोडणी म्हणजे स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने तिला दिलेले रूप १९५० च्या सुमारास फोर्डच्या मोटारींत आले. आज बहुतेक लहान मोटारींच्या व काही टेम्पोंच्या पुढील चाकांना तेच आढळते. हा स्ट्रट चाकाला उभे धरून ठेवतो आणि स्टिअरिंग फिरविले की चाकाबरोबर वळतो. टेम्पोच्या मागील चाकांवर, जेथे मालाचा खरा भार असतो, तेथे बहुधा पाटे व स्वतंत्र शॉकअप असतात, तत्त्व तेच.

शॉकअप निकामी झाला तरी गाडी बंद पडत नाही, हीच अडचण होय. चाक उडत राहते, त्याची रस्त्यावरील पकड सुटते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. माळशेज वा कसारा घाटातील ओल्या वळणावर याचा अर्थ काय, हे चालकास सांगावयास नको.

यास्तव पावसाळा संपताच गाडीचे पुढील दोन्ही कोपरे जोराने दाबून सोडावेत. एक-दोन हेलकाव्यांनंतरही कोपरा डुलत राहिल्यास स्ट्रट झिजला असे समजावे. रिकाम्या टेम्पोचे मागील पाटे हाताने दबत नाहीत; तेथे शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे काय, ते पाहावे. बदल नेहमी दोन्ही बाजूंचा करावा. स्ट्रटवरील स्प्रिंग दाबून बसविलेली असते; वरचा नट तसाच सोडल्यास ती उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन असलेल्या कारागिराकडेच हे काम द्यावे व नंतर पुढील चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.