उपफोल्डरांतले साचे वगळले जातात, काय करू?

प्रश्न : गिरडच्या टेकडीवरील बाबा फरीद दर्गा आणि परिसराची माहितीपानं तयार करण्यासाठी मी पायथन व जिंजा वापरून कमांड लाइनवर चालणारं छोटं साधन लिहिलं आहे. फोल्डरचं नाव दिलं की फक्त वरच्या फायली होतात, उपफोल्डर तसेच राहतात. साधन पुन्हा मुळापासून लिहावं लागेल का?
– एक वाचक, गिरड (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : मुळीच नाही. साचा भरणारा तुमचा भाग आहे तसाच राहू द्या, फक्त फायली शोधणारा भाग बदला. स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन लिहावं लागतं, हा समज सोडा. पायथनमधलं ‘ओएस.वॉक’ सगळे उपफोल्डर स्वतःच फिरून येतं. प्रत्येक फाइलचा मूळ फोल्डरपासूनचा सापेक्ष मार्ग काढा आणि त्याच मार्गावर नव्या जागी पान लिहा. वाटेतले फोल्डर ‘ओएस.मेकडर्स’ बनवतं.

खरी काळजी वेगळीच. तयार पानं मूळ फोल्डरातच ठेवलीत, तर पुढच्या वेळी तीच साचे समजून पुन्हा भरली जातील. म्हणून निकालाचा फोल्डर बाहेर ठेवा. चित्रं साचा म्हणून वाचू नका, जशीच्या तशी उतरवा. मराठी मजकुरासाठी वाचताना आणि लिहितानाही यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करा. विंडोजवर अक्षरं बिघडतात ती बहुधा इथंच. ‘ओएस.वॉक’मधला ‘फॉलोलिंक्स’ हा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करू नका. नाहीतर स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात साधन फिरत राहील.

उपफोल्डर फिरण्याची ही सोय वेगळ्या पर्यायामागे ठेवा, म्हणजे जुन्या आज्ञा पूर्वीसारख्याच चालतील. पहिल्यांदा काहीही न लिहिता फक्त फायलींची यादी छापून पाहा.