विराम कीं अक्षर ?

वाचनाच्या तासास आमच्या वर्गांतील एका लहान मुलानें 'रा. रा.' ह्या अक्षरांपुढील टिंब पाहिलें आणि "वाक्य संपलें" असें म्हणून तो थांबला. टिंब तेंच, परंतु तें विरामाचें कीं संक्षेपाचें, हें पुढें वाचल्यावांचून कळत नाहीं. अशीच चूक जनुकें वाचणाऱ्या संगणकांच्याही हातून होत असे. ती कशी सुधारली, हें आज पाहूं.

सजीवांच्या पेशींतील डीएनए हा जणूं चार अक्षरांत लिहिलेला ग्रंथ होय. त्यांतील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. असे शब्द ६४; पैकीं ६१ शब्द प्रथिनांत कोणतें अमिनो आम्ल जोडावें तें सांगतात, व उरलेले तीन 'थांबा' म्हणतात. 'टीजीए' हा त्या तिहींपैकीं एक. परंतु १९८६ सालीं असें दिसून आलें कीं, उंदराच्या एका जनुकांत हा शब्द मध्येंच येतो, आणि तेथें काम न थांबतां सेलेनियमयुक्त असें एकविसावें अमिनो आम्ल जोडलें जातें.

सेलेनियम शरीरास अत्यल्पच लागतें. पण तेंही न मिळाल्यास काय होतें, हें चीनमधील केशान भागानें पाहिलें. तेथील जमिनींत तें फार कमी असल्यामुळें मुलांस व स्त्रियांस हृदयाचा घातक विकार जडे. म्हणून हीं जनुकें ओळखणें अगत्याचें होतें. संगणक मात्र 'टीजीए' दिसतांच थांबे, व जनुक अर्धवट तरी राही किंवा मुळींच सांपडत नसे.

शास्त्रज्ञांनीं मग संगणकास पुढें वाचावयास शिकविलें. प्राण्यांच्या अशा जनुकांत प्रथिनाचा मजकूर संपल्यावर एक विशिष्ट खूण असते. जनुकाची आरएनए ही नक्कल तेथें केसांतील आंकड्याप्रमाणें दुमडते. संगणक ती खूण शोधूं लागला. शिवाय मनुष्य व उंदीर यांचे पाठ शेजारीं ठेवून, 'टीजीए'च्या पुढेंही दोहोंत साम्य टिकतें कीं काय, हें तो ताडून पाहूं लागला. साम्य टिकलें, तर तो विराम नव्हे. ह्या रीतीनें २००३ सालीं मनुष्याच्या अशा २५ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली.

विद्यार्थ्यांनो, जनुकांतील अक्षरें बदललीं नव्हतीं. वाचणाऱ्याची रीत तेवढी बदलली. पाठांत अडलें म्हणजे तेथेंच पुस्तक मिटूं नका. पुढील चार ओळी वाचा. पुष्कळदां मागचा अर्थ तेथेंच उलगडतो.